५५ इंची टीव्ही फ्लाइट सिमसाठी घेतला, आठ महिने वापरून सांगतो: चित्र झकास, पण विमान मागून येतं

दिवाळीच्या सेलमध्ये हा ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला, जुना देऊन ३८ हजाराला पडला. घरात सांगितलं सगळ्यांसाठी घेतोय, खरं कारण माझं फ्लाइट सिम, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, होतं हे बायकोला पहिल्या दिवशीच कळलं कारण भिंतीवर लावायच्या आधी मी तो टेबलावर यॉकच्या, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगच्या, मागे ठेवून बघितला. ब्रँडचं नाव लिहीत नाही, त्यांच्या सर्व्हिसबद्दल खाली जे लिहिलंय ते वाचून कोणीतरी अंगावर यायचं, आणि तसंही हा प्रॉब्लेम एकट्या ह्या टीव्हीचा नाहीये.

आधी चांगलं सांगून टाकतो. चित्र एक नंबर आहे. काळा रंग बऱ्यापैकी काळा दिसतो, संध्याकाळचं जुहू, खाली समुद्र, बाजूला बिल्डिंगांचे दिवे, २४ इंची मॉनिटरवरून ह्याच्यावर आलो तेव्हा पहिले दोन आठवडे मी लँडिंग करतच नव्हतो, नुसता किनाऱ्याने फिरत होतो. आवाज ठीकठाक, हेडफोन लावतो त्यामुळे फरक पडत नाही. पिक्चर, सीरियल, मॅच ह्यासाठी घेत असाल तर डोळे झाकून घ्या आणि पुढचं वाचू नका.

पुढचं विमानवाल्यांसाठी.

माझा सेटअप साधा आहे, मधल्या लायनीतलं ग्राफिक्स कार्ड, यूएसबीवाला यॉक, रडर पेडल, मायक्रोसॉफ्टचा २०२० सालचा सिम्युलेटर, त्यात सेसना १७२ हे छोटं विमान. खरं विमान मी आयुष्यात कधी चालवलेलं नाही, पॅसेंजर म्हणून बसलोय तेवढंच. पण सिमवर माझी लँडिंग चांगली होती, म्हणजे मला तसं वाटत होतं.

मे महिन्यात भाची घरी राहायला आली. ती बारामतीला फ्लाइंग शिकते, साठेक तास झालेत, सोलो, म्हणजे एकटीने उडवणं, झालंय. आल्या आल्या म्हणाली मामा तुझं विमान दाखव, मला काय, मी तर वाटच बघत होतो. जुहूची रनवे २६ लावली, वारा डावीकडून १० नॉट, म्हणलं बस. फायनलवर, म्हणजे रनवेच्या रेषेत सरळ उतरताना, मस्त आली, स्पीड ६५ नॉट पक्का, सेंटरलाइन पक्की, मी मनात म्हणतोय पोरगी शिकलीय बरं का. आणि पन्नासेक फुटांवर सगळं बिघडलं. डावा पंख जरासा खाली गेला, तिने उजवीकडे यॉक दिला, विमान तसंच, तिने अजून दिला, मग विमान एकदम उजवीकडे पडलं, तिने डावीकडे, परत तेच, तीन वेळा असं डावं-उजवं हलत हलत एका चाकावर आपटलं, उसळलं आणि गवतात. दुसऱ्या वेळी गो-अराउंड, म्हणजे न टेकता परत वर. तिसऱ्या वेळीही गो-अराउंड. चौथ्या वेळी टेकवलं पण ते लँडिंग म्हणजे पोतं टाकल्यासारखं.

"मामा, हे विमान नाहीये, म्हशीची शेपटी धरून म्हैस वळवतेय असं वाटतंय."

मी बसलो. अर्थात. आणि पहिल्याच झटक्यात अलगद टेकवलं, बायकोला हाक मारून दाखवलं सुद्धा. खरं सांगतो, छाती फुगली होती माझी. पण भाची स्क्रीनकडे बघतच नव्हती, ती माझ्या हाताकडे बघत होती. म्हणाली परत कर. परत केलं. मग म्हणाली, "तू यॉक धरून उडवत नाहीयेस, तू टोचतोयस. एकदा ढकलतोस, थांबतोस, काय झालं बघतोस, मग परत ढकलतोस. बारामतीला असं केलंस ना तर दुसऱ्या मिनिटाला इन्स्ट्रक्टर कंट्रोल काढून घेतील."

मग तिने जे केलं ते मी आठ महिन्यांत एकदाही केलं नव्हतं. यॉक झटकन उजवीकडे फिरवला आणि स्क्रीनवरच्या कॉकपिटमधला यॉक बघितला. तो हलला, पण नंतर हलला. फार नाही, चुटकी वाजवायच्या आत, पण एकदा दिसल्यावर मग दिसतच राहिलं, परदेशातल्या माणसाच्या व्हिडिओ कॉलमध्ये ओठ आणि आवाज वेगळे चालतात तसं. आणि त्या कॉलवर होतं तेच इथे होतं बघा, आपण बोलतो, उत्तर येत नाही म्हणून परत बोलतो, तेवढ्यात पहिल्याचं उत्तर येतं, मग दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम गप्प. तिचा आणि विमानाचा हाच संवाद चालला होता.

बरं, मला वाटायचं की लॅग म्हणजे फक्त सगळं थोडं उशिरा दिसतं, काय बिघडतं. हिशोब पण केला. ६५ नॉटवर तीन डिग्रीने उतरताना सेसना सेकंदाला साधारण पावणेसहा फूट खाली येते, ०.२ सेकंद उशीर म्हणजे फूटभराचा फरक. फूटभर काय, सवय होईल. पण घोळ उंचीचा नाहीये, घोळ हातातल्या दुरुस्तीचा आहे. रनवेजवळ वाऱ्यात तुम्ही सेकंदाला एकदा डावं-उजवं करत असता, त्यात ०.२ सेकंद म्हणजे पूर्ण आवर्तनाचा पाचवा हिस्सा झाला, म्हणजे पंख परत यायला लागलेला असतो आणि तुम्ही अजून जुना पडलेला पंख बघून जोर लावताय. शिळी दुरुस्ती. ती मदत करायच्या ऐवजी हेलकावा वाढवते. क्रूझमध्ये पाच हजार फुटांवर सरळ जाताना ह्यातलं काहीच कळत नाही, म्हणून तर मी दोन आठवडे किनाऱ्याने फिरताना खुश होतो. फ्लेअर (टेकायच्या आधी नाक अलगद उचलणं), क्रॉसविंड (आडवा वारा), दुसऱ्या विमानाच्या शेजारून उडणं आणि सगळ्यात वाईट म्हणजे हेलिकॉप्टर एका जागी हवेत धरणं, जिथे हात सतत चालू असतो तिथे हे उघडं पडतं. हेलिकॉप्टर मी टीव्ही घेतल्यावर एकदा घेतलं होतं आणि आपल्याला जमत नाही म्हणून सोडून दिलं, आता कळलं थोडा दोष माझा थोडा टीव्हीचा.

ह्याला पायलट लोक पीआयओ म्हणतात, पायलटच्याच हाताने सुरू होणारा हेलकावा. आणि हे फक्त शिकाऊ लोकांचं होतं असं नाही. २६ ऑक्टोबर १९७७ ला कॅलिफोर्नियात एडवर्ड्स हवाई तळावर नासाच्या एंटरप्राइझ ह्या स्पेस शटलची पाचवी ग्लाइड टेस्ट होती, पहिल्यांदाच सिमेंटच्या रनवेवर उतरायचं होतं, बघायला प्रिन्स चार्ल्स आलेला. कंट्रोलवर फ्रेड हेझ, म्हणजे अपोलो १३ वाला, ह्या माणसाला विमान चालवायला आपण काय शिकवणार. तरी ते अवजड यान रनवेजवळ नाक वर-खाली करायला लागलं, टेकून उसळलं, मग डावं-उजवं, आणि त्याने हात सैल सोडल्यावर शांत झालं. कारणांमधलं एक मोठं कारण म्हणजे त्याने स्टिक हलवल्यापासून यानाने ऐकेपर्यंत कंट्रोल सिस्टिममध्ये जाणारा वेळ. तिथे उशीर कंट्रोलमध्ये होता, माझ्याकडे टीव्हीत आहे, पण हाताला आणि डोळ्याला दोन्ही सारखंच. नंतर १९७८ मध्ये नासाने एफ-८ नावाच्या फायटरच्या कॉम्प्युटरमध्ये मुद्दाम उशीर घालून खरोखरच्या लँडिंग करून बघितल्या, त्यात जॉन मँकी नावाच्या त्यांच्या टेस्ट पायलटचं विमान रनवेच्या अगदी जवळ असंच उधळलं होतं, उशीर काढून टाकल्यावर हातात आलं. पठ्ठ्याने जिवावरची टेस्ट केली, आणि मी सोफ्यावर बसून तक्रार करतोय.

असो. टीव्हीकडे.

भाची गेल्यावर मी मोजायला बसलो. पद्धत फुकट आहे, फोनचा स्लो मोशन पुरतो. माझ्या फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन आहे, म्हणजे एक फ्रेम ४ मिलिसेकंदांच्या किंचित वर. फोन पुस्तकांच्या ढिगावर असा टेकवला की हातातला यॉक आणि स्क्रीन दोन्ही एकाच फ्रेममध्ये येतील, यॉक झटकन फिरवला, आणि मग व्हिडिओ एक एक फ्रेम पुढे ढकलत मोजलं, हात हलला ती फ्रेम आणि स्क्रीनवरचा यॉक हलला ती फ्रेम. एक टीप, क्षितिज तिरकं होण्याची वाट बघून मोजू नका, विमानाला स्वतःला वळायला वेळ लागतो तो पण त्यात धरला जातो आणि टीव्हीला उगाच शिव्या बसतात. स्क्रीनवरचा यॉकच बघा. आणि दहा वेळा तरी करा, दर वेळी दोन-चार फ्रेम इकडे तिकडे होतात.

सिनेमा मोडमध्ये, जो मी आठ महिने वापरत होतो, सरासरी ५१ फ्रेम. २१२ मिलिसेकंद! मी तीनदा मोजलं.

आता हे किती आहे ते कळायला एक आकडा सांगतो. एअरलाइनचे पायलट ज्या मोठ्या हलणाऱ्या सिम्युलेटरमध्ये शिकतात त्यांच्यासाठी अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याने, वर्षानुवर्षं जी मर्यादा ठेवली होती ती वरच्या लेव्हल सी आणि डी साठी १५० मिलिसेकंद आणि खालच्या ए आणि बी साठी ३००, आणि ते सुद्धा खऱ्या विमानाला लागणाऱ्या वेळेच्या वर. वरच्या लेव्हलसाठी नवीन नियम त्याहून कडक झालेत. म्हणजे माझा हॉल लेव्हल बी मध्ये बसतो म्हणून मी खुश होऊ शकतो, पण तिथे अवजड विमान सावकाश वळणारं असतं, इथे सेसना आहे जी वाऱ्याच्या फुंकरीने हलते. शिवाय त्या लोकांकडे एक युक्ती असते जी आपल्याकडे नाही. १९८८ मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रातल्या रिचर्ड मॅकफार्लंडने काढलेली, चित्र उशिरा येणारच आहे ना, मग विमान आत्ता कुठे आहे ते दाखवूच नका, आत्ताच्या वेगावरून चित्र पोचेपर्यंत ते कुठे असेल ते काढून तिथलं चित्र दाखवा. बस पकडायला माणूस बस आहे तिथे न धावता ती येणार तिथे धावतो, तसंच. टीव्हीवाले असलं काही करत नाहीत, ते उलटं करतात.

उलटं म्हणजे काय ते बघा. सिनेमा मोडमध्ये हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने एक फ्रेम घुसवतो. आता मधली फ्रेम बनवायची तर पुढची फ्रेम आधी हातात यायला लागते की नाही? म्हणजे टीव्हीला आलेलं चित्र अडवून ठेवावंच लागतं. त्यावर रंग सुधार, कडा सुधार, नॉइज काढ, प्रत्येक जण आपापला टोल घेतो. सिनेमा बघताना काही बिघडत नाही कारण आवाजही तेवढाच मागे ढकललेला असतो आणि हिरोला तुम्ही यॉकने चालवत नसता. खोक्यावर लिहिलेलं "मोशन रेट १२०" हे ह्याच कारागिरीचं नाव आहे, पॅनल ६० हर्ट्झचंच आहे, मी मेनूत जाऊन बघितलं. दुकानातल्या पोराला मी घेताना विचारलं होतं लॅग किती आहे, तो म्हणाला सर वायफाय फास्ट असेल तर अजिबात लॅग येणार नाही. मी मान डोलावली, माझीच चूक.

उपाय काय, गेम मोड. तीन मेनू आत आहे, ज्या सॉकेटमध्ये पीसी लावलाय त्यापुरताच चालू होतो. केला, परत दहा वेळा मोजलं, २४ फ्रेम, १०० मिलिसेकंद. एका बटणात शंभराच्या वर मिलिसेकंद गेले! चित्र जरा फिकं झालं, हो, पहिल्या दिवशी धुतल्यासारखं वाटलं. मग पीसीवर लागलो. व्ही-सिंक बंद केलं, कारण त्यात कार्डाने बनवलेली फ्रेम आपला नंबर येईपर्यंत रांगेत उभी असते, आणि ढगांची क्वालिटी एक पायरी खाली आणली. ढग खाली आणताना जीव तुटला, पावसाळ्यातला सह्याद्री मी त्या ढगांसाठीच उडवतो, पण सिमचे सेकंदाला फ्रेम ३० वरून ४५ च्या आसपास गेले. ३० ला एक फ्रेम ३३ मिलिसेकंद घेते, ४५ ला २२, आणि एका हालचालीला दोन-तीन फ्रेम तरी लागतात, करा हिशोब. आता फोनच्या मोजणीत १९ फ्रेम, म्हणजे ७९ मिलिसेकंद. कधी कधी वळताना चित्र आडवं फाटल्यासारखं दिसतं, चालतंय. जुना २४ इंची मॉनिटर माळ्यावरून काढून त्याच सेटिंगला लावून बघितला, १७ फ्रेम, ७१. म्हणजे गेम मोडमध्ये हा टीव्ही मॉनिटरच्या फक्त दोन फ्रेम मागे आहे, हे त्याचं कौतुक करायलाच पाहिजे.

आणि आता गंमत ऐका. सगळं नीट केल्यावर माझी लँडिंग बिघडली! खरंच. पहिले चार-पाच दिवस मी रनवेवर आपटत होतो, कारण माझा हात टोचायला शिकलेला, ढकल-थांब-बघ, आणि आता विमान ताबडतोब ऐकतंय तर माझं थांबणं जास्त होतंय, तेवढ्यात वारा पंख उचलतोय. आठ महिने मी सेसना शिकत नव्हतो, माझा टीव्ही शिकत होतो. भाचीचं बरोबर उलटं झालं होतं, तिचा हात खऱ्या विमानाचा होता म्हणून तिला माझा टीव्ही जमला नाही. ज्या पोराला पुढे खरंच फ्लाइंगला जायचंय आणि घरी टीव्हीवर क्रॉसविंड घोटून चाललाय त्याच्या आईबापाने एवढा परिच्छेद दोनदा वाचावा, चेकलिस्ट, रेडिओ, रनवेभोवतीच्या सर्किटमध्ये कुठे वळायचं हे सगळं टीव्हीवर शिकला तरी चालेल, फ्लेअरचा हात मात्र शिकू नये.

मेहुण्याला ह्याच टीव्हीवर सिनेमा मोडात हेड ट्रॅकिंग लावून बसवलं होतं, म्हणजे डोकं फिरवलं की कॉकपिटमधली नजर फिरते, त्याला वीस मिनिटांत मळमळलं आणि जेवला नाही. तेव्हा आम्ही मिसळीला दोष दिला होता. डोकं वळलं आणि चित्र मागून आलं तर शरीर कुरकुरणारच, व्हीआर हेडसेटवाले त्यासाठी २० मिलिसेकंदांच्या आत यायला धडपडतात. मिसळीची माफी.

सर्व्हिसबद्दल थोडक्यात. प्रॉब्लेम एकच आहे आणि डोक्याला ताप आहे, लाइट गेली की गेम मोड उडतो आणि टीव्ही परत सिनेमा मोडवर येतो. आमच्याकडे जूनपासून लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. कस्टमर केअरला फोन केला, तीन वेळा टीव्ही बंद-चालू करायला सांगितलं, म्हणलं अहो बंद-चालू केल्यावरच तर होतंय. मग माणूस आला. सभ्य होता, बूट बाहेर काढले, पाणी घेतलं. मी फोनवरचा स्लो मोशन दाखवला, फ्रेम मोजून दाखवल्या. तो बघत राहिला, मग म्हणाला, "सर, पण चित्र क्लिअर आहे ना?" म्हणलं हो. "रेषा वगैरे येत नाहीत ना?" नाही. त्याने फॉर्मवर लिहिलं, ग्राहक समाधानी. सही मी केली, दुसरं काय करणार, त्याच्या फॉर्मात लॅगचा रकानाच नव्हता. सॉफ्टवेअर अपडेट येईल म्हणाला, अजून आलेलं नाही.

घेऊ का नको विचाराल तर, फक्त सिमसाठी घेत असाल तर ह्याच पैशात ३२ इंची चांगला मॉनिटर घ्या. घरासाठी पण हवा आणि सिमसाठी पण, तर हा चालेल, पण दुकानातच मेनू उघडून गेम मोड आहे का बघा आणि शक्य असेल तर लॅपटॉप नेऊन माऊस फिरवून बघा, सिनेमा मोडात आणि गेम मोडात बाण हाताच्या किती मागे येतो, दोन मिनिटांत फरक दिसतो. पोरगं वायफायबद्दल बोलेल, बोलू द्या.

सिनेमाला साडेचार स्टार, विमानाला गेम मोडात साडेतीन, लाइट गेल्यावर एक. बायको रात्री सीरियल बघताना पिक्चर मोड बदलते म्हणून रिमोटच्या त्या बटणावर मी चिकटपट्टी लावली होती, ती तिने दुसऱ्या दिवशी काढली. भाची गणपतीत परत येतेय, जुहूची २६, वारा १० नॉट, तसाच ठेवलाय.